तरीवरचे दोन दिवस

मुरली,

तुझ्या शाळेनं शोकसभा घेतली त्या दिवशी मी धुळ्याला आलो होतो. हेडमास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मुरलीधर मास्तर अत्यंत मितभाषी होते." मी मागच्या बाकावर होतो. मला हसू फुटलं. शेजारच्यांना वाटलं मी रडतोय, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मितभाषी! समुद्राच्या एका लाटेबद्दल ज्यानं मला पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत ऐकवलं, तेही सायकल हाणता हाणता, समोरून ट्रक येतोय याची शुद्ध नाही, तो माणूस म्हणे मितभाषी.

परत येताना एसटीत विचार करत बसलो तेव्हा वाटलं, हेडमास्तर चुकून खरं बोलले. तू बोलायचास खूप, पण जे सांगायला हवं होतं ते कधी सांगितलं नाहीस. चित्रकलेच्या मास्तराची ही खोडच असेल. आभाळ रंगवत बसायचं, आणि ज्याचं चित्र काढायला बसलो तो माणूस कोराच.

शाळेच्या अंकासाठी त्यांनी माझ्याकडे चार ओळी मागितल्यात. जन्म कुठला, नोकरी कधी लागली, स्वभाव कसा होता. ते त्यांचं त्यांनी लिहावं. मी हे तुलाच लिहितोय, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलंय आणि तू ते तसंच टाकून निघून गेलास. भांडण मोठं नव्हतं. मी म्हणायचो, "तू थांबला नाहीस." तू म्हणायचास, "तू आला नाहीस." इतकी वर्षं एवढंच. लग्नकार्यात भेटलो तरी जेवणाच्या पंगतीत कुणीतरी समुद्राचं नाव काढायचं आणि आपण दोघं सुरू व्हायचो. लोक हसायचे. मला कधी हसू आलं नाही.

आपण दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. तापीला पूर आला की तोच आपला समुद्र. शाळा सुटली की मेहरूणच्या तलावावर जाऊन बसायचो, पुढं नोकऱ्या लागल्यावरही सुट्टीत तिथंच. तू डोळे बारीक करायचास आणि म्हणायचास, "नाथ्या, पलीकडचा काठ पुसून टाक."

"पुसला."

"आता काय दिसतं?"

"म्हशी."

तू चिडायचास. मग आपण बेत करायचो. पनवेलपासून सायकलनं खाली उतरायचं, समुद्राला उजव्या हाताला ठेवायचं आणि दिवाळीची सुट्टी पुरेल तिथवर जायचं. मुक्काम मी ठरवले. शाळेच्या नकाशावर दोरा धरून ठरवले. पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम, तिसरा त्या मोठ्या खाडीच्या गावी. जादा ट्यूब, ठिगळाचं सामान, पंप, सगळं मी जमवलं. तू काय केलंस? सायकलला निळा रंग दिलास.

माझं काम काय आहे हे तू कधी समजून घेतलं नाहीस, म्हणून आता एकदा ऐक. यावलच्या बाजूची केळी भुसावळला यायची. मी ती मोजून घ्यायचो, रचून घ्यायचो, आणि वॅगन लागली की भरून दिल्लीकडे रवाना करायचो. वॅगन कधी लागेल ते कुणालाच सांगता यायचं नाही. आणि केळी कुणासाठी थांबत नाहीत. ढीग पडून राहिला की माल पिकतो, पिकला की दिल्ली कसली, भुसावळच्या गायींना घालायचा. शेतकऱ्यांनी विश्वासानं टाकलेला माल सोडून मी समुद्र बघायला जायचं? दोन दिवाळ्या अशाच गेल्या. दोन्ही वेळा तू सुट्टीभर मेहरूणला बसून राहिलास आणि तोंड फुगवून धुळ्याला परत गेलास.

तिसरी दिवाळी पाकिस्तानच्या लढाईनंतरची. आदल्याच महिन्यात आपण घराच्या काचांना काळे कागद लावत होतो. पाडव्याला तू निळी सायकल घेऊन भुसावळला मालधक्क्यावर हजर झालास. टोपी, पाठीला पिशवी, डोळ्यांत तो तुझा वेडसरपणा. माझीही पिशवी सायकलला बांधलेली होती, खोटं नाही सांगत.

"वॅगन लागली?"

"नाही. आज रात्री लागेल, नाहीतर उद्या. दोन दिवस थांब, मुरली."

तू ढिगाकडे पाहिलंस. वर केळीची पानं झाकलेली, खालून पिवळेपणा सुरू झालेला. म्हणालास, "दर वर्षी तुझी केळी पिकतात आणि माझी सुट्टी सडते."

मी म्हटलं, "दोनच दिवस."

"मी पुढं होतो," तू म्हणालास आणि सायकल वळवलीस.

मी पुढं होतो. बस्स, एवढंच. 'तू मागून ये' नाही, 'अमुक ठिकाणी भेटू' नाही. त्यावरून आपण नंतर किती भांडलो! तू म्हणायचास, पुढं होतो म्हणणाऱ्या माणसाला मागून कुणीतरी यायचं असतं, एवढं मराठी कळू नये का? मी म्हणायचो, पाठ फिरवून बोललेल्या वाक्याला मराठी म्हणत नाहीत. वॅगन दुसऱ्या दिवशी लागली, तिसऱ्या दिवशी मी मोकळा झालो. मनात म्हटलं, दोन दिवसांत हा कुठल्या कुठं पोचला असेल, आता याला कुठं गाठायचं? पिशवी सोडली आणि घरी जाऊन झोपलो. माझं त्यात काय चुकलं ते अजून मला कुणी दाखवून दिलेलं नाही.

तू परत आलास तो काळाठिक्कर पडून. तुमच्या मेहरूणच्या अंगणात सगळी गल्ली जमली. तुझी बहीण अक्का पण धुळ्याहून आलेली होती. आणि तू सुरू झालास. समुद्राला पाठ नसते म्हणे, जिकडून बघावं तिकडून तो आपल्याकडे तोंड करूनच असतो. समुद्र आधी दिसत नाही म्हणे. आधी आपल्या सायकलची कुरकुर ऐकू येईनाशी होते, मग समजायचं तो आला. बायका पदर सावरून ऐकत होत्या. मी विचारलं, "पंक्चर किती झाल्या?" तू म्हणालास, "नाथ्या, तिथं काही फुटत नाही, सगळं भरतच राहतं." मी विचारलं, "पाणी कुठं प्यायलास?" तू म्हणालास, "तहान लागत नाही तिथं." खारट पाण्याच्या काठी तहान लागत नाही! अक्का सुद्धा म्हणाली, "भाऊ, नाथा काय इचारस ते त सांग त्याले."

मग मी मुद्दाम विचारलं, "सगळ्यात जास्त कुठं राहिलास?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "त्या खाडीच्या गावी. तरीवर दोन दिवस काढले."

अंगणात हशा पिकला. तरीवर दोन दिवस! खानदेशी माणूस समुद्रावर गेला तरी त्याला लाल तरी लागतेच, शेवभाजीवर बोटभर तेल तरंगल्याशिवाय त्याचा घास उतरत नाही, असं म्हणून लोकांनी तुला सोलून काढलं. तू पण हसलास. त्या दिवसापासून कुठल्याही पंगतीत वाढणारा तुझ्यापाशी आला की मी ओरडायचो, "मास्तरला तरी वाढा, दोन दिवस बसून राहणारा माणूस आहे!" तू वाटी पुढं करायचास. एकदाही म्हणाला नाहीस की नाथ्या, ती ही तरी नव्हे.

आणि आता गेल्या महिन्यात परत पुढं झालास. या वेळी तर तेही म्हणाला नाहीस.

तेराव्याला अक्कानं मला आत बोलावलं. डोळे कोरडे, आवाज मात्र बसलेला. म्हणाली, "नाथा, तो कितला वरीस तुले सांगत राह्यना, समुद्र देख, समुद्र देख. तू गया नही. आते तरी जाय."

मी म्हटलं, "अक्का, आता जाऊन काय करू?"

"माले काय माहीत? त्यानं बठ्ठं-सारं बोलनं मी ऐकं, माले काही समजनं नही. तू देखी ये नि माले सांग, खरं शे का खोटं शे."

तुझी निळी सायकल ती देत होती. मी नाही घेतली. तुझ्या सीटवर बसलं की माझे गुडघे हनुवटीला लागतात. माझीच काढली, तेल दिलं, रजा टाकली. बायको म्हणाली, "या वयात एकटे?" मी म्हटलं, तो गेलाच होता ना एकटा. तेव्हाही माझ्या बोलण्यात राग होता हे तिला कळलं. सायकल गार्डाच्या डब्यात टाकून कल्याणला उतरलो आणि तिथून पनवेलचा रस्ता धरला.

मुरली, तुझ्या सांगण्यात एकही चढ नव्हता.

हे मला पहिल्याच दिवशी समजलं. नकाशावर समुद्राची कड सरळ दिसते, आणि तू सांगायचास तेव्हा तर रस्ता लाटेच्या बाजूबाजूनं गुणगुणत चालल्यासारखा वाटायचा. प्रत्यक्षात डोंगर चढा, डोंगर उतरा, खाली चार माड आणि एक ओढा, की पुन्हा डोंगर. तांबडी धूळ नाकातोंडात. एरंडोल-पारोळ्याच्या सपाट रस्त्यावर सायकल चालवलेली आपली पोटरी, ती दुपारीच बोंब मारायला लागली. सायकल हातात धरून ढकलत होतो आणि मोठ्यानं तुला शिव्या देत होतो. गुरं राखणारी एक बाई थांबून बघायला लागली. तिला वाटलं असेल सायकलला देतोय.

वारा दिवसभर समोरून. तहान अशी लागली की एका घरी मागून तांब्याभर प्यायलो, परत मागून प्यायलो. दोन पंक्चर झाल्या. ठिगळ लावताना तुझं ते 'तिथं काही फुटत नाही' आठवलं आणि पंप फेकून द्यावासा वाटला. इतकं रंगवून सांगणाऱ्या माणसाला एक चढ सांगायला काय झालं होतं? मी आलो असतो तर मला कळलंच असतं, म्हणून नाही सांगितलंस? की लोकांसमोर दमलेलं दिसायचं नव्हतं?

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना एका खिंडीत चढत होतो. माझी साखळी सकाळपासून कुरकुरत होती, प्रत्येक फेऱ्याला एकदा, डोकं उठवलं होतं तिनं. चढता चढता माझ्या लक्षात आलं की ती गप्प झालीय. मी थांबून पायडल मागे फिरवलं. साखळी हलत होती, कुरकुरतही असेल, पण ऐकू येत नव्हती. कशानं तरी सगळी हवा भरून गेली होती. अजून काही दिसत नव्हतं, समोर नुसती तांबडी दरड. मी तिथंच उभा राहिलो. मग वळणावर आलो आणि तो होता.

मी काय वर्णन करू? ते तुझं काम. पलीकडचा काठ कुणीतरी खरंच पुसून टाकलेला होता.

त्या रात्री वाळूत बसलो. सकाळी उठून एका टोकावर चढलो, तिथं जमीन समुद्रात बोटासारखी शिरलीय, दोन्हीकडे पाणी. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. दोन्ही बाजूंनी लाटा माझ्याकडेच येत होत्या. पाठ नव्हती त्याला. तू अंगणात बसून सांगितलंस ते शब्दशः खरं होतं, आणि मी वर्षानुवर्षं त्याची टर उडवली. पण मला वाईट त्याचं नाही वाटलं. मला राग याचा आला की 'हो रे, खरं आहे' असं म्हणायला वळलो तर शेजारी सायकल. असल्या गोष्टी दोघांनी बघायच्या असतात. एकट्यानं बघून काय करायचं त्यांचं? तू एकट्यानं बघितलंस तेव्हा तुझंही असंच झालं असेल का, हा विचार तिथं पहिल्यांदा माझ्या मनात आला. आला आणि मी तो झटकला, कारण थांबला नव्हतास तू.

तरी एक लिहितो. तू सांगितलं नसतंस तर मी समुद्र नुसता पाहिला असता. तुझ्यामुळे मला तो आधी ऐकू आला. एवढं तुझं ऋण माझ्यावर आहे, आणि ते मी जिवंतपणी तुला कधी कबूल केलं नसतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या खाडीच्या गावी पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तूच ते दर वेळी वेगळं सांगायचास. खाडीच्या कडेला रस्ता संपतो. पाणी रुंद, पलीकडे माडांची रांग. अलीकडे झावळ्यांचं एक खोपट, बाहेर दोन बाकं, आत चुलीवर काहीतरी शिजतंय. पन्नाशीची एक बाई पदर खोचून उभी होती. मी म्हटलं, "जेवायला मिळेल का? मासे चालत नाहीत."

"मिळंल की. भात हाय, कुळथाचं पिठलं हाय. बसा निवांत, तरीला अजून वेळ हाय."

मी भुकेनं कळवळलो होतो. म्हटलं, चला, कोकणात सुद्धा हा प्रकार आहे म्हणायचा. म्हणालो, "चालेल, बसतो. तरीशिवाय मजा नाही. झणझणीत असू द्या, आणि वाटीत वेगळी द्या."

बाई माझ्याकडे बघतच राहिली. हातातली पळी तशीच वर. मग तिचं तोंड हळूहळू उघडलं, आणि ती अशी हसायला लागली की तिला खांबाला धरावं लागलं.

"वाटीत!" ती म्हणाली. "अगं बाई, वाटीत! तुम्ही केळेवाले काय?"

मी म्हटलं, "काय?"

"ते नाथा केळेवाले! वॅगन भरून येणार होते ते! तुमच्या मास्तरांनी पण अशीच वाटीत मागितली होती मला तरी. मी म्हटलं, तरीला धक्क्यावर जावं लागतं, तर म्हणतात कसे, धक्क्यावर कशाला ठेवली, झाकून आणा की इकडं!" तिनं डोळे पुसले आणि खाडीकडे हात केला. धक्क्याला एक रुंद होडी लागलेली होती. "अहो, ती तर. माणसं पल्याड नेते ती. तिला आम्ही तर म्हणतो."

मी होडीकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. मग बाकावर बसलो.

ती बोलत होती. लढाई नुकतीच झालेली, दर्यावर पहारा, आणि हा एक अनोळखी माणूस धक्क्यावर बसून कागदावर होडीची चित्रं काढतोय, बोलतो ते निम्मं कुणाला कळेना. पोलिसपाटलानं हटकलं. तू म्हणालास, एकटा नाही, आम्ही दोघं आहोत, दुसरा मागून येतोय. पाटलानं चौकशी केली, चहा पाजला आणि संध्याकाळच्या आत सोडूनही दिलं. "तरी हालले नाहीत तिथून," ती म्हणाली. "दर तरीला धक्क्यावर उभे. तांडेल होडी सोडायला लागला की त्याचा हात धरायचे, म्हणायचे, दम धरा जरा, माझा मित्र येईल एवढ्यात. लोक कावायचे. दोन दिवस असं चाललं. तुमचं पान मी रोज वाढून झाकून ठेवायचे. रात्री मास्तरच खायचे मग, दोन्ही पानं."

ती पिठलं ढवळत राहिली. मला भूक होती ती कुठं गेली कळलं नाही.

मुरली, मी तुला दोन दिवस थांब म्हणालो होतो. तू थांबलास. बरोबर दोन दिवस थांबलास, फक्त भुसावळला नाही. पोलिसपाटलाला द्यायचा तर पहिल्या दिवसाचा अर्धा भाग देऊन टाकतो. उरलेला दीड दिवस माझाच होता ना? तुला ठाऊक होतं, तिसरा मुक्काम इथं आहे, कारण तो मीच ठरवला होता. तुला वाटलं, वॅगन भरली की हा रात्रीच्या गाडीनं निघेल आणि नकाशाप्रमाणे इथं येऊन धडकेल.

अरे, पण मग सांगायचं ना! त्या दिवशी अंगणात सगळे तुला हसत होते, मी सगळ्यात मोठ्यानं हसत होतो, तेव्हा सांगायचं! 'तर म्हणजे होडी, गाढवा, मी तुझी वाट बघत होतो.' एवढं एक वाक्य. समुद्राला पाठ नसते हे सांगायला तुला वेळ होता, आणि हे सांगायला नव्हता? दर पंगतीत मी तुझी वाटी भरायला लावली, आणि तू ती प्यायलास. कसला हा मान! मी आलो नाही म्हणून इतका दुखावला होतास, तर माझ्या एक मुस्काटात मारायचीस. आपण भांडलो असतो, रडलो असतो, पुढच्या दिवाळीला दोघं आलो असतो. त्यानंतर किती दिवाळ्या आल्या! आता मी कुणाला मारू?

मी असा मनातल्या मनात तुझ्याशी भांडत असताना बाईनं पान माझ्यापुढं ठेवलं आणि सहज विचारलं, "आणि मास्तर? ते कुठं र्‍हायले?"

मी म्हटलं, "मागून येतोय."

का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. तिच्या तोंडावर अजून हसू होतं, आणि दुसरं वाक्य माझ्या तोंडात तयारच नव्हतं. शोकसभेत, तेराव्याला, अक्कासमोर, सगळीकडे दुसरेच लोक ते बोलले होते. मला एकदाही बोलावं लागलं नव्हतं.

बाई खूश झाली. तिनं अजून एक पान घेतलं, भात वाढला, पिठलं वाढलं आणि वर ताट पालथं घातलं. मी खाली मान घालून दोन घास गिळले. तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली, तर सुटायची. मी घाईनं हात धुतले, सायकल ढकलत गेलो, ती आडवी करून होडीत ठेवली. मागून बाई धक्क्यापर्यंत आली आणि ओरडली, "अरे सोडू नको, थांब! ते तरीवाले मास्तर मागून येतायत!"

तांडेल म्हातारा होता. त्यालाही आठवलं. तो हसला, म्हणाला, "यांचं दर वेळचं हाय, एक येतो नि एक मागं र्‍हातो," आणि बांबू आडवा ठेवून बसला.

होडीत टोपल्या घेतलेल्या चार बायका होत्या, एक पोस्टमन होता, लग्नाला निघालेलं एक कुटुंब होतं. सगळे वर रस्त्याकडे बघायला लागले. रस्ता खिंडीतून उतरतो, लांबवर दिसतो. ओहोटी लागली होती. काठाचा चिखल उघडा पडायला लागला. पोस्टमन म्हणाला, पाणी उतरलं तर होडी इथंच बसेल. तांडेल म्हणाला, मास्तर आहेत, येतील. एक बाई म्हणाली, कोणतरी सायकलवाला दिसतोय बघा तिकडं. सगळ्यांनी पाहिलं. मीही पाहिलं, मुरली. उभा राहून पाहिलं. कुणी नव्हतं, झाडाची सावली होती.

होडी खाली चिखलाला घासली. तांडेलानं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सोडा तुम्ही. तो यायचा नाही."

"उद्याच्या तरीला येतील मग?"

"नाही," मी म्हणालो. "तो गेला. गेल्या महिन्यात गेला."

तांडेलानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली, आणि बांबू चिखलात रोवून जोर केला. बाई काठावर उभी होती. तिला ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. ती अजून रस्त्याकडेच बघत होती.

तू म्हणशील, थांबला नाहीस. मी थांबलो होतो रे. पाणी उतरत होतं.